हात जोडणारी देवता

कुसुमाग्रजांची ‘स्वातंत्र्यदेवतेची विनवणी’ ही कविता एका नकाराने सुरू होते. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली, म्हणजे १९९७ साल, त्या वेळची ही कविता. गावोगावी सुवर्णमहोत्सव, झेंडे, रोषणाई, प्रभातफेऱ्या. जिच्या नावाने हा सगळा सोहळा, ती देवता पहिल्याच ओळीत आपले वय सांगते आणि मला वंदन नको म्हणते. दुसऱ्या ओळीत ती स्वतःच हात जोडते. कोणापुढे? कविता वाचणाऱ्यापुढे.

घाईने वाचणारा या दोन ओळींवरून पुढे सरकतो, कारण पुढे उपदेशाची रांग लागलेली दिसते. मला मात्र सगळी कविता त्या जोडलेल्या हातांतच आहे असे वाटते. देवाशी बोलण्याचे कितीतरी प्रकार आपल्याकडे आहेत. आरती आहे, नवस आहे, कोकणातले गाऱ्हाणे आहे, तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण आहे. जनाबाईचा विठ्ठल तर तिच्याबरोबर दळायला बसतो. पण या सगळ्यांत मागणारा माणूस असतो आणि देणारा देव. इथे देवता मागते आहे, आणि द्यायचे की नाही हे माणसाच्या हातात आहे. ज्याच्यापुढे विनवणी करायची, अधिकार त्याचा. अंतिम सत्ता जनतेची असते, हे आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. कुसुमाग्रजांनी ते वाक्य कुठेही न लिहिता एका कृतीत उभे केले. कुसुमाग्रज, म्हणजेच शिरवाडकर, नाटककारही होते. रंगमंचावर कोण ताठ उभे आहे आणि कोण वाकलेले आहे, यावरून सत्ता कोणाची हे प्रेक्षकाला संवादाआधीच कळते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

कवितेचा घाट फटक्याचा आहे. फटका म्हटला की अनंत फंदी आठवतात. फंदी संगमनेरचे, म्हणजे नाशिकच्या शेजारचेच. पेशवाई बुडाली त्यानंतर वर्षभरात, १८१९ मध्ये ते गेले. संसारी माणसाला चार हिताच्या गोष्टी सांगणारा त्यांचा फटका एके काळी मराठी घरांत तोंडपाठ असे. धोपट मार्गाने चालावे, कुणाला जामीन राहू नये, कुणाचे वर्म काढून त्याला खजील करू नये, वरच्याच्या पाठबळावर गोरगरिबांवर गुरगुरू नये, असे त्यात ते सांगतात. शहाणपणाचे बोल आहेत आणि आजही खोटे नाहीत. पण ज्याला ते सांगितले आहेत तो माणूस एकटा आहे. आपल्या डोक्यावर राज्य कोणाचे असावे आणि ते कसे चालावे, हे त्याने ठरवायचे नाही. जे राज्य असेल त्यात आपला संसार धड ठेवायचा, अब्रूने जगायचे, एवढेच त्याच्या हाती. म्हणून फंदींची ओळ ‘नको’वर थांबते.

कुसुमाग्रजांची ओळ ‘नका’वर थांबते. वरची एक मात्रा गेली आणि एकट्या गृहस्थाच्या जागी अख्खा समाज उभा राहिला. हे अनेकवचन आदरार्थी नाही. देवता समोरच्यांना आईच्या नात्याने मुले म्हणूनच हाक मारते, आणि मराठी आई एकट्या मुलाला ‘तू’ म्हणते. तेव्हा हे ‘तुम्ही’ खरोखरीचे पुष्कळ जणांचे आहे. फंदींचा साचा जसाच्या तसा घ्यायचा, मात्रांची मोजणी तीच ठेवायची, ओळ संपवायची रीत तीच ठेवायची, आणि ऐकणारा मात्र बदलायचा, ही या कवितेतली सर्वांत मोठी कारागिरी आहे. पावणेदोनशे वर्षांत मराठी मुलखात जे घडले ते या बदललेल्या ऐकणाऱ्यात आहे. प्रजेतला माणूस नागरिक झाला.

ओळीची चाल सोळा-चौदा मात्रांची. सोळाव्या मात्रेवर ओळ किंचित थबकते, मग उतरणीला लागते आणि शेवटी ‘नका’ येते. शाहिराच्या डफावर थाप पडावी तशी. मनातल्या मनात वाचली तर ही कविता सूचनांची यादी वाटेल. मोठ्याने म्हणून पाहिली की त्या थापेत दोन सूर एकदम ऐकू येतात, आर्जवाचा आणि दटावणीचा. विनवणी करणारी आईच आहे, त्यामुळे हे दोन्ही सूर वेगळे काढता येत नाहीत. नाशिकमध्ये शाळा-महाविद्यालयांत कविता म्हणणाऱ्या मुलांना माझे एकच सांगणे असते: आवाज चढवू नका, ‘नका’वर नुसते थांबा. उरलेले काम वृत्त करते.

पण विनवणी, आणि तीही इतक्या नकारांची, का? राजाला आवरायला धर्मशास्त्र असे, दरबारातले वडीलधारे असत, आणि कुणाचेच ऐकले नाही तर शेवटी बंड असे. लोकच राजे झाल्यावर लोकांना कोणी आवरायचे? हा प्रश्न या कवितेच्या फार आधी संविधानसभेत येऊन गेला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू होती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की तिची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. पूर्णिमा बॅनर्जी यांनी त्यांना विनवले की देवाला मतदानाला लावू नका. कामत हटले नाहीत, मतदान झाले, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती पडली. त्याच दिवशी बॅनर्जींनी स्वतःची एक दुरुस्ती मांडली होती. सगळी सत्ता आणि सगळा अधिकार लोकांपासून येतो, हे उद्देशिकेत स्वच्छ शब्दांत लिहावे, असे त्यांचे म्हणणे. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले की मसुद्यात हा अर्थ आहेच. या संविधानाचे मूळ, त्याचा अधिकार आणि त्याचे सार्वभौमत्व लोकांतूनच आलेले आहे. उद्देशिकेचे ते एकच लांबलचक वाक्य नीट वाचले तर दिसते की संविधान देणारे लोक आहेत आणि घेणारेही लोकच आहेत. वर कोणी नाही. ना इंग्लंडचा राजा, ना ब्रिटिश पार्लमेंट, ना ईश्वर.

अशा राज्यात देवतेला आणायचे तर ती वर बसून हुकूम सोडू शकत नाही, हे कुसुमाग्रजांनी ओळखले. तिला खालीच उभे राहावे लागेल. आणि ज्यांना बाहेरचा कोणी अडवू शकत नाही, त्यांच्याजवळ मागण्यासारखी गोष्टही एकच उरते, की स्वतःला आवरा. म्हणून इतके नकार. ही कविता नीतिपाठासारखी दिसते, पण तिच्यामागचा विचार राज्यशास्त्राचा आहे.

मधल्या कडव्यांत एक ओळ अशी आहे की नाशिकच्या वाचकाने तिथे थांबायलाच हवे. पगार घ्यायचा आणि काम टाळायचे, याला देवता सरळ देशाशी केलेला द्रोह म्हणते. हा शब्द या शहराने एके काळी फार वेगळ्या अर्थाने ऐकलेला आहे. १९०९ मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांवर कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल खटला झाला आणि त्यांना जन्मठेप, काळे पाणी झाले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेव्हा द्रोह म्हणजे राजाचा द्रोह, आणि सरकारला तो कवितांच्या पानांत सापडत होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी त्याच शहरातला एक म्हातारा कवी द्रोहाची जागा बदलतो. हजेरीपुस्तकात सही करून खुर्चीवर रुमाल टाकून बाहेर निघून गेलेला माणूस त्याला द्रोही दिसतो. राज्याचा धनी बदलला की द्रोहाची व्याख्याही बदलते. धनी लोक असतील तर लोकांचे काम चुकवणे हाच धन्याशी द्रोह. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशासाठी तालुक्याला खेपा घालणाऱ्या, दर खेपेला एसटीचे भाडे मोजणाऱ्या म्हातारीला ती वाटणार नाही.

मग देवता कचेरीतच शिरते. ही जागा लोकांच्या सेवेसाठी आहे, लुटारूंची नाही, असे बजावते आणि पैसा टेबलाखालूनही काढू नका आणि टेबलावरूनही काढू नका म्हणते. यातले ‘खालून’ आपल्याला लगेच कळते. माझे लक्ष ‘वरून’वर जाते. टेबलावरून काय जाते? ज्याचा दर कुणालाच माहीत नसतो अशी ‘फी’ जाते. फायलीच्या स्टेशनरीचे, झेरॉक्सचे, चहापाण्याचे म्हणून उघड मागितलेले पैसे जातात. बाहेर झाडाखाली टंकलेखन यंत्र घेऊन बसलेल्याने आतल्या माणसाच्या वतीने घेतलेले जातात. यात लाजण्यासारखे काही आहे असे देणाऱ्याला वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. कवी यातला तपशील देत नाही. दोन क्रियाविशेषणे शेजारी ठेवतो आणि बाजूला होतो. उरलेले ज्याने त्याने आपल्या अनुभवातून भरायचे. संयमाची ही जागा मला या कवितेतल्या उत्तम जागांपैकी एक वाटते.

कवितेनंतर अठरा वर्षांनी, २०१५ मध्ये, महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आला. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, तो देणारा अधिकारी कोण, वेळेत मिळाला नाही तर पहिले अपील कोणाकडे आणि दुसरे कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लिहून लावावे लागते. देवतेने हात जोडून मागितलेली गोष्ट कायद्याने लेखी दिली. आता त्या फलकापुढे दोन माणसे उभी करून पाहा. एक जण फलक वाचतो, अर्ज देतो, पोच मागतो, तारीख वहीत टिपून ठेवतो. दुसरा फलकाकडे न बघता ओळखीचा माणूस शोधतो. सत्ता दोघांचीही सारखीच आहे. पहिल्याने ती हातात घेतली, दुसऱ्याने तिथेच टेबलावर ठेवून दिली. आणि खिडकीच्या आतला माणूस? तो संध्याकाळी घरी जाताना वीज मंडळाच्या, नाहीतर महापालिकेच्या खिडकीबाहेर उभा राहतो. देवतेच्या ‘तुम्ही’मध्ये आतला आणि बाहेरचा असा भेद नाही, तो यासाठी.

कुसुमाग्रजांच्या वाचकाला इथे त्यांचीच ‘अखेर कमाई’ ही कविता आठवल्याशिवाय राहत नाही. मध्यरात्री थोरांचे पुतळे एकत्र जमतात, प्रत्येकाची व्यथा अशी की आपण आता एकेका जातीपुरतेच उरलो, आणि शेवटी गांधी म्हणतात की निदान तुमच्या पाठीशी एकेक जात तरी आहे, माझ्या वाट्याला सरकारी कचेऱ्यांच्या भिंती आल्या. दोन्ही कवितांतली कचेरी एकच आहे. एकीत भिंतीवरची तसबीर दिसते, दुसरीत त्या तसबिरीखालचे टेबल.

या कचेरीच्याच आसपास, मला विचाराल तर कवितेचे मर्म असलेली ओळ येते. हे काम कुणी दुसरा करील, त्यावर नजर कुणी तिसरा ठेवील, असे म्हणून आपली सुटका करून घेऊ नका, अशा अर्थाची. इथे कवी व्याकरणाच्या आधाराने बोलतो आहे. दुसरा आहे, तिसरा आहे. पहिला कुठे आहे? ओळीत त्याचे नाव नाही. ती रिकामी जागा वाचणाऱ्याची. लोकांची सत्ता म्हणजे काय, ते या रिकाम्या जागेवरून कळते. ही सत्ता सगळ्यांची असते, म्हणून प्रत्येकाला वाटते की ती आपल्यावाचून चालेल.

ग्रामसभेच्या नियमात ही जागा डोळ्यांना दिसते. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढी माणसे आली नाहीत की सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी शंभर माणसे आली नाहीत, तर दुसऱ्या खेपेला जे दहा-पंधरा जण येतील त्यांनी हात वर केले की ठराव गावाचा. घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव राहते, गायरानाचे काय होते, पाण्याची टाकी कोणत्या वस्तीत बसते, हे त्या हातांवर ठरते. न आलेल्या माणसाने आपली सत्ता गमावलेली नसते. त्याने ती त्या पंधरा जणांना न विचारता देऊन टाकलेली असते.

खेड्यांनाच का बोलावे? नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकले आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने चालवला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १५ लाखांच्या घरात होती. एवढ्या शहरात रस्ता, गटार, घरपट्टी, गोदावरीचे पाणी यांबद्दल ज्याला जाब विचारावा असा निवडून दिलेला एकही माणूस महापालिकेच्या सभागृहात नव्हता. राज्यातल्या इतर शहरांतही हेच. पाणी येत होते, घंटागाडी फिरत होती, म्हणून आपले अडले नाही. आपण त्याची सवय करून घेतली, आणि मला सगळ्यात जास्त चिंता त्या सवयीची वाटते. आपल्या घरातला एक हक्क काढून ठेवला गेला होता आणि घरात कुणी फारसा आवाज केला नाही. न्यायालयात भांडायला दुसरे होते, लिहायला तिसरे होते.

आता स्त्रीविषयीच्या ओळी. स्त्रीला माणूस माना, दासी समजून मारू नका आणि देवी समजून पुजूही नका, असे विनवणीत येते. यातला पहिला भाग सुधारकांनी शंभर वर्षे सांगितलेला. दुसरा भाग एका देवतेच्या तोंडी आहे, आणि त्यामुळे त्याला वेगळीच धार चढते. देवी होण्याची किंमत तिला ठाऊक आहे. पुजले की ऐकावे लागत नाही. हार घातला की हिशेब द्यावा लागत नाही. आरंभी वंदन नाकारले, ते का नाकारले याचे कारण इथे, कवितेच्या पुढच्या भागात, दुसऱ्याच विषयाच्या निमित्ताने उघड होते. कवितेचे दोन दूरचे कोपरे असे एकमेकांना उत्तर देतात. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे जाणारी खात्रीची वाट. स्वातंत्र्यदेवता त्याच्याही पुढचे पाऊल टाकते. नेत्याची भक्ती नकोच, माझीही नको, असे तिचे सांगणे.

उच्चनीच भेदावरची ओळ कवितेतली सर्वांत कडक. तिथे कवी उकिरड्याची प्रतिमा वापरतो. नाक मुरडावे असा शब्द मुद्दाम निवडतो. ती चीड ऐकीव नव्हती. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला, पंचवटीतल्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी तो वर्षानुवर्षे लढले. १९३२ मध्ये विशीतला हा शिरवाडकर त्या सत्याग्रहात सामील झाला होता. मंदिराचे दार त्या सत्याग्रहींना उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. ज्याला देवळाच्या पायरीवर अडवले जाते, त्याला मतपेटीपाशी राजा म्हणून काय मिळणार, हा प्रश्न पंचवटीत विचारला गेला होता, आणि कवी तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत उभा होता. ती ओळ वाचताना हे माहीत असलेले बरे. नाहीतर ती सुविचारासारखी फळ्यावर जाऊन बसते.

कविता सगळीकडे सारख्या उंचीवर नाही. अंधार, घुबड, कुजलेल्या रूढी हे सुरुवातीचे सामान वापरून वापरून गुळगुळीत झालेले आहे. ‘विशाखा’ लिहिणाऱ्या कवीकडून इथे अधिक अपेक्षा वाटते. एकविसावे शतक दाराशी आले असताना सोळाव्यासाठी रडत बसू नका, या सांगण्यात मात्र जोर आहे, आणि तो तेव्हापेक्षा आज जास्त लागू आहे. भाषेबद्दलची कडवी तळमळीची आहेत. परकी भाषाही उत्तम शिका असे आधी सांगून मग मायबोलीची बाजू घेतल्यामुळे ती न्यायाचीही आहेत. गोरगरिबांना छळू नका, गुणवंतांवर जळू नका, हे मात्र फंदींच्या जुन्या घरात परत गेल्यासारखे वाटते. तिथला ऐकणारा पुन्हा एकटा सद्गृहस्थ होतो. आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. देवता हाक मारते ती पुत्रांना. पुढे स्त्रीची गोष्ट निघते तेव्हा तिच्याबद्दल बोलले जाते, तिच्याशी बोलले जात नाही. सत्ता जितकी मुलाची तितकीच मुलीची असेल, तर ही हाक अपुरी आहे.

याहून मोठा आक्षेप ‘तुम्ही’वरच घेता येईल. सगळ्यांना एकाच ‘तुम्ही’त बसवले की पगार खाऊन काम टाळणारा आणि त्याच्या दाराशी ताटकळणारा सारखेच दोषी ठरतात. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या आदिवासी शेतकऱ्याला ‘काम टाळू नका’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन त्याच्या नावावर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला दावा करण्याचा अधिकार दिला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे दाखवायचे, आणि पुरावा म्हणून काय चालते ते नियमांत लिहिले आहे: शेताचे बांध, सपाटीकरण, जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने दिलेला, लिहून घेतलेला जबाब. दाव्याची पहिली तपासणी गावाची वनहक्क समिती करते, ठराव ग्रामसभा करते, आणि मग कागद उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे चढतो. निरक्षर म्हाताऱ्याचा शब्द इथे शासनाच्या दप्तरात पुरावा म्हणून बसतो. लोकांची सत्ता कागदावर इतक्या जवळून क्वचितच दिसते. तरी ते दावे फेटाळले गेले, अर्धवट मंजूर झाले, कपाटांत पडून राहिले.

६ मार्च २०१८ रोजी ही माणसे नाशिकच्या सीबीएस चौकातून पायी निघाली. किसान सभेचा तो लाँग मार्च, नाशिक ते मुंबई, सुमारे १८० किलोमीटर. ११ मार्चच्या रात्री मोर्चा मुंबईत पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा होती. दिवसा निघालो तर रस्ते अडतील, पोरांना पेपरला उशीर होईल, म्हणून सोललेल्या पायांनी ही माणसे विश्रांती न घेता रात्रीतून चालत आझाद मैदानावर गेली. कुणी त्यांना तसे करायला भाग पाडले नव्हते. ज्याला आवरणारा वर कोणी नाही त्याने स्वतःला आवरावे, ही त्या कवितेची मागणी, आणि ती पुरी केली ज्यांच्याकडे देण्यासारखे सर्वांत कमी होते त्यांनी. आपला हक्क मागायला निघालेली माणसे परक्याच्या लेकराच्या पेपरची काळजी करत होती. माझ्या आक्षेपाचे उत्तर मला तिथे मिळाले. ‘तुम्ही’त सगळे सारखे दोषी नसतील, पण त्यात सगळ्यांना जागा आहे, आणि त्या रात्री त्या ‘तुम्ही’त सर्वांत पुढे सुरगाणा-पेठची माणसे होती.

कवितेचा शेवट हुतात्म्यांच्या आठवणीने होतो. माझ्यासाठी लाखो माणसे मेली, हे विसरू नका, एवढेच देवता शेवटी मागते. स्वातंत्र्य मिळवणाऱ्यांची ही आठवण ठीकच. स्वातंत्र्य चालवणाऱ्यांचीही ठेवायला हवी. २०१८ मध्ये सरकारने त्या मोर्चाला लेखी आश्वासन दिले. तरीही २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये याच जिल्ह्यातून लोकांना त्याच वाटेने पायी निघावे लागले.

ही कविता मराठीतली थोर कविता नाही. कुसुमाग्रजांचीही सर्वश्रेष्ठ नाही. पण नागरिक म्हणजे कोण, हे इतक्या साध्या मराठीत, आजीला आणि नातीला एकदम कळेल असे, दुसऱ्या कुणी सांगितलेले मला माहीत नाही. ती घरात मोठ्याने वाचा. आणि १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला किंवा जेव्हा केव्हा तुमच्या गावची ग्रामसभा असेल तेव्हा, झेंड्याला वंदन झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. सभेला बसा, गणपूर्तीत तुमचे डोके मोजले जाऊ द्या, ठराव वाचून दाखवा म्हणा, आणि तो कळल्यावरच सही करा.